शिष्यत्वाची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, पालख्या परतीच्या वाटेला लागतात आणि चार-सहा दिवस माणसांनी ओसंडून गेलेली पंढरी पाहता पाहता रिकामी होते. त्याच दिवशी सायंकाळी गुरुपौर्णिमेचे कीर्तन करण्याचा आमचा परिपाठ कित्येक वर्षांचा आहे. पूर्वरंगात शिष्याची लक्षणे सांगावीत आणि उत्तररंगात आरुणी, एकलव्य, जनार्दनस्वामींच्या सेवेत असलेले एकनाथ किंवा समर्थांचे कल्याणस्वामी यांपैकी एखादे आख्यान लावावे, हा आमचा ठरलेला क्रम. एके वर्षी मात्र आम्ही उत्तररंगाला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र घेतले. आख्यान निम्म्यावर आले असता पहिल्या रांगेतील एक वृद्ध श्रोते उठले, देवाला नमस्कार केला आणि आमच्याकडे न पाहता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपण होऊन आमच्या घरी आले. राग त्यांच्या मनात नव्हता, पण व्यथा होती. ज्याने कुळधर्म सोडला, घरच्या लक्ष्मीला वाऱ्यावर टाकले, त्याचे शिष्यत्व आम्ही श्रीविठ्ठलापुढे उभे राहून का गावे, एवढेच त्यांचे विचारणे होते. आम्ही त्या वेळी काही उत्तर दिले; पण ते आमचे आम्हांलाच पुरे वाटले नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांचा प्रश्न अनेक सश्रद्ध घरांत आजही जिवंत असेल असे समजून हा लेख आम्ही लिहीत आहोत.

लोकमान्यांशी नामसादृश्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. हे टिळक निराळे. शाळेच्या पुस्तकात पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता ज्यांनी वाचली आहे, ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ओळखतो, ते हे टिळक. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक आणि तापट. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आईचे छत्र लहानपणीच हरपले, घरात मन रमेना, आणि हा मुलगा विद्येच्या ओढीने घराबाहेर पडून नाशिकास आला. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. शास्त्रीबोवांच्या पायांशी बसून त्यांनी संस्कृत काव्य आणि अलंकारशास्त्र आत्मसात केले. टिळकांच्या मराठी रचनेत वृत्ताचा आणि शब्दाचा जो डौल आहे तो येथला. आम्ही स्वतः त्याच विद्येची थोडीफार उपासना केली असल्याने हे अधिकाराने नव्हे, पण अनुभवाने सांगतो.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका १८८० साली त्यांच्या घरात आली आणि लक्ष्मीबाई झाली. संसार सुरू झाला, पण पायाला भिंगरी होती. आज इथे शिक्षक, उद्या तिथे पुराणिक, परवा कीर्तन, असा काळ गेला. कीर्तनाला उभे राहिले की सभा जिंकावी. बिदागी हाती पडली की ती घरी पोचण्याआधी वाटेतल्या कुणा गरजूच्या पदरात जावी. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रांत या संसाराच्या तऱ्हा इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत की वाचणारा हसता हसता डोळे पुसतो. तो ग्रंथ ज्या मराठी घरात नाही त्या घराने तो आणावा, अशी आमची प्रत्येक श्रोत्याला विनंती असते.

पुढे नागपूरला श्रीमंत बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. या सगळ्या वर्षांत त्यांच्या मनाला एकच रुखरुख होती. देशाची दैना दिसत होती, जातिभेदाने माणसे एकमेकांपासून तुटलेली दिसत होती, आणि या सर्वांना जोडील असा धर्म हवा असे त्यांना वाटत होते. नवा धर्म आपणच स्थापावा की काय, इथपर्यंत विचार गेले होते. आम्ही असे समजतो की हा मनुष्य या वर्षांत गुरू शोधीत होता. विद्या देणारा गुरू त्यांना मिळाला होता; ज्याच्या पायांवर सर्वस्व ठेवावे असा मिळाला नव्हता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. बोलणे काव्याचे, मग धर्माचे झाले. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक आरंभी मुळीच रुचले नाही. पण दिला शब्द पाळायचा म्हणून वाचीत गेले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले. शत्रूवर प्रीती करावी, दान उजव्या हाताने केले ते डाव्यालाही कळू देऊ नये, नम्र जनांचा पक्ष देव घेतो, असा बोध करणारा तो अध्याय. तो त्यांना परका वाटला नाही. तुकोबांची गाथा ज्याच्या रोमरोमांत भिनली होती त्याला तो परका वाटावा तरी कसा? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा अर्थाचे ते पुढे जन्मभर सांगत राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या भायखळ्याच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला पूर्वकल्पना दिलेली नव्हती. येथे आम्ही स्पष्टपणे म्हणतो की ही गोष्ट आम्हांला पटत नाही. गुरूच्या वाटेवर निघालेल्याने सहधर्मचारिणीला अंधारात ठेवणे हे कोणत्याच धर्मात भूषण नव्हे. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहानगा दत्तू. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही काळ आमच्या या पंढरपुरातही काढला. चंद्रभागेच्या वाळवंटात त्या काळी किती परित्यक्ता आणि किती विधवा दिवस ढकलीत असतील! त्यांतच ही एक, जिचा नवरा जिवंत होता आणि नव्हताही. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, पत्रे लिहिणे सोडले नाही. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला त्यांच्याकडे गेल्या; सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी सांभाळीत गेल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातीची भिंत त्यांच्या मनातून त्यांच्या त्यांनीच पाडली आणि १९०० साली आपल्या इच्छेने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता ज्या भागासाठी हे चरित्र आम्ही कीर्तनात घेतले तो भाग येतो. तेव्हाचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मिशनचे मोठे ठाणे होते. ख्रिस्ती तरुणांना उपदेशक म्हणून तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा तेथे होती आणि टिळक तेथे शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. समोर बसणारे तरुण बहुतेक खेड्यांतले. पुष्कळांच्या घराण्यांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगलेले. काही १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या आश्रयाला आलेले. अशा अनाथ मुलांपैकी कितीतरी टिळकांच्या स्वतःच्या घरातच वाढत होती. या तरुणांना अन्न मिळाले होते, अक्षर मिळाले होते, अंगावर धड कपडा आला होता. पुढे उपदेशकाची नोकरी, दरमहा पगार आणि साहेबाची मर्जी, असा मार्ग त्यांना समोर दिसत होता. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या सात पिढ्यांनी उपास काढले त्याला पगाराचे मोल आपण काय शिकवावे? परंतु टिळकांना यातला धोका दिसला. ख्रिस्ताचा शिष्य आणि मिशनचा नोकर या दोन गोष्टी त्या तरुणांच्या मनात एक होऊन बसत होत्या.

शिष्य म्हणजे काय, हे टिळकांनी त्यांना आपल्या देशाच्या भाषेत समजावले. शिष्य होणे म्हणजे केवळ एखाद्या मताला मान डोलावणे नव्हे, किंवा नावनिशीच्या वहीत नाव चढवणेही नव्हे. गुरूच्या सहवासात राहायचे, त्याच्यासारखे व्हायचे आणि त्यासाठी स्वतःचे मीपण उतरवून ठेवायचे. हे ज्ञानोबा-तुकोबांच्या देशातल्या मुलाला सांगायला परदेशी ग्रंथाची गरज नाही. गुरुगृही समिधा वाहणाऱ्या ब्रह्मचाऱ्याचे चित्र त्याच्या रक्तात आहे. ख्रिस्ताला साहेबांचा देव म्हणून न पाहता सद्गुरू म्हणून पाहा, मग त्याच्यापाशी कसे बसावे हे तुम्हांला कोणी शिकवायला नको, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता.

या शिकवणीला साधन काय? येथे आम्हां कीर्तनकारांच्या जिव्हाळ्याचा विषय येतो. तेव्हाच्या ख्रिस्ती देवळांत बहुतेक गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. मराठी कानाला ती कशी लागत असतील हे ज्याने मात्रा मोजून पदे म्हटली आहेत तो जाणील. आपल्या पद्यात लघु-गुरूंचा हिशेब असतो. दीर्घ अक्षरावर स्वर विसावतो, ऱ्हस्वावरून घसरतो. इंग्रजी चालीचा आघात मात्र आपल्या जागी ठाम. त्यामुळे शब्द मधेच तुटतो, दीर्घाचा ऱ्हस्व होतो, आणि गाणाऱ्याचे तोंड हलते पण अंतःकरण हलत नाही. टिळकांनी ओवी, अभंग, आर्या, दिंडी, पदे ही आपली घरची रचना या मंडळींच्या हाती दिली. शंभराहून अधिक उपासनागीते त्यांनी रचली. टाळ आला, मृदंग आला, भजन आले. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाचा प्रयोग त्यांच्या आधीही झाला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण नाशिककर शास्त्र्यांपाशी शिकलेला आणि आयुष्याचा एक काळ कीर्तनावरच काढलेला मनुष्य या कामाला उभा राहिला तेव्हा त्याला जी भरती आली ती आधी आली नव्हती. खेड्यातला तरुण हातात टाळ घेऊन आपल्या मायबोलीत आपल्या गुरूचे गुण गाऊ लागला. तोंडपाठ केलेले व्याख्यान ऐकवून नोकरी टिकवणारा हाच का तो, असे वाटावे!

योगायोग असा की टिळकांचे वास्तव्य काही काळ राहुरीस होते, आणि संतचरित्रकार महीपतिबोवांचे ताहाराबाद त्याच राहुरी तालुक्यात. ज्यांच्या भक्तिविजयावाचून आमचे उत्तररंग उभे राहत नाहीत त्या महीपतींचे ग्रंथ पुढे इंग्रजीत नेणारे अमेरिकन पाद्री जस्टिन ॲबट हे टिळकांचे स्नेही. ओढ दोन्ही बाजूंनी होती, असेच म्हटले पाहिजे.

त्यांचा एक शिष्य ख्रिस्ती नव्हता. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात चमकले आणि त्यानंतर नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. टिळक पती-पत्नींनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले. कवितेचे संस्कार दिले, रुसवेफुगवे सोसले. परंतु तू आमच्या धर्मात ये, अशी अट घातली नाही. बालकवी हिंदूच राहिले. १९१८ साली भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा करुण अंत झाला. आमच्या घरी आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले होते.

टिळकांच्या अंगी दोष नव्हते असे नाही. राग तर जणू नाकावर; क्षणात भडकावे आणि क्षणात रडावे. आज एक योजना, उद्या दुसरी. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिशनऱ्यांना त्यांचा ताप झालाच असेल. शिवाय ते मिशनऱ्यांना तोंडावर सांगत की तुम्ही या लोकांचे मायबाप होऊन बसलात तर हे कधी मोठे व्हायचे नाहीत. १९१२ पासून ज्ञानोदय या जुन्या पत्राचा मराठी भाग त्यांच्याकडे होता. तेथून ते ख्रिस्ती मंडळींना देशाचा अभिमान शिकवीत राहिले. धर्म बदलला म्हणजे देश बदलत नाही हे त्यांच्या गद्याचे आणि पद्याचे पालुपद होते. देशभक्तीच्या त्यांच्या कविता त्या काळच्या हिंदू घरांतही म्हटल्या जात.

परंतु तरुणांना नोकर आणि शिष्य यांतला भेद शिकवणारा शिक्षक स्वतः दरमहा मिशनचाच पगार घेत होता. ही विसंगती दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी त्यांचे त्यांनाच ती टोचू लागली असावी. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली, गाठीला पैसा नाही. आपण संन्यास घेतो आहोत, असे त्यांनी जाहीर केले. हा संन्यास बायको-मुलांना टाकून जाण्याचा नव्हता. वेतन, पद आणि सत्ता यांचा तो त्याग होता. बावीस वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेताना लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते, या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत होत्या. हा फरक आम्हांला फार मोठा वाटतो.

ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी देवाचा दरबार उभारला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना होती. आपल्या संप्रदायांत जशी जात विचारली जात नाही, निदान विचारू नये असे संतांनी सांगितले आहे, तशी येथे चर्चची वही विचारली जाणार नव्हती. गुरू एक, बाकी सगळे गुरुबंधू. साहजिकच ख्रिस्ती मंडळींतील पुष्कळांना हे पसंत पडले नाही. बाप्तिस्म्याखेरीज शिष्य कसला, हा त्यांचा प्रश्न. आणि कुळधर्म सोडून शिष्य कसला, हा आमच्या त्या श्रोत्यांचा प्रश्न. दोन्ही बाजूंच्या कर्मठांना टिळक सारखेच अडचणीचे ठरले. देवाचा दरबार मूळ धरण्याआधीच त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. मागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांच्या विचारांनी भारावलेले इंग्रज पाद्री विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, तो पुढे पुण्यास स्थिरावला, आणि त्याच संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन नावाचा तरुण इंग्लंडहून दाखल झाला. आदिवासींचा अभ्यासक म्हणून त्याचे नाव पुढे सर्वांना माहीत झाले. ती कथा निराळी आहे.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही त्या सकाळी काय उत्तर दिले? आम्ही इतकेच म्हणालो, की टिळकांची वाट आमची नव्हे. आमचा विठोबा विटेवर उभा आहे आणि आम्हांला दुसरीकडे जाण्याचे कारण पडले नाही. पण शिष्याने गुरूपायी काय ठेवायचे असते हा आमच्या कीर्तनाचा विषय होता, आणि पंचावन्नाव्या वर्षी हातचा पगार ठेवणारा मनुष्य आम्हांला शोधावा लागत होता. गृहस्थ म्हणाले, बाईंचे काय? त्या वेळी आम्ही गोंधळलो. आज ते भेटले असते तर जे सांगितले असते ते येथे लिहितो.

टिळकांनी ख्रिस्तायन हा ओवीबद्ध ग्रंथ हाती घेतला होता. आरंभीचे मोजके अध्याय झाले आणि आयुष्य सरले. लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरे त्यांना टिळकांनी शिकविली, तीही रागावून आणि पुन्हा समजूत घालून. पती गेल्यावर या बाईंनी तो अपुरा ग्रंथ पुढे घेतला. घर चालवायचे, पोरक्या मुलींचे वसतिगृह सांभाळायचे, प्रसंगी स्वतः कीर्तनाला उभे राहायचे, आणि उरलेल्या वेळी ओव्या. वर्षानुवर्षे अध्यायामागून अध्याय होत गेले. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा ग्रंथ शेवटाशी आला होता. राहिलेले थोडे पुत्र देवदत्त यांनी पुरे केले. टिळकांच्या हातच्या अध्यायांहून लक्ष्मीबाईंच्या हातचे अध्याय कितीतरी अधिक आहेत.